चेअरमनसाहेबांचं चौदा मिनिटांचं भाषण

एका गावात एक भोळा कार्टूनवाला होता. नाव सिदाप्पा. वय चाळीस, हात सोन्याचा. डोक्याचं मात्र विचारू नका. सांगितलेलं तो कधी विसरत नसे, आणि तिथंच सगळा घोळ होता.

मालनताईंच्या स्टुडिओत तो कामाला होता. स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीवरची खोली. गावच्या दूध संस्थेनं म्हशीच्या स्वच्छ धारेवर कार्टून मागवलं होतं. सभासदांच्या सभेत ते दाखवायचं. चेअरमन मगदूमसाहेब खूश झाले तर तालुक्याचं काम मिळणार, नाहीतर स्टुडिओला कुलूप.

पहिल्याच दिवशी आवाजाची फाइल सॉफ्टवेअरमध्ये जाईना.

"एमपीथ्री आहे ती. सॉफ्टवेअरला वेव्ह प्रकारची फाइल लागते," ताई म्हणाल्या.

सिदाप्पानं फाइलच्या नावातलं एमपीथ्री खोडलं आणि वेव्ह लिहिलं. फाइल तरी जाईना.

"अरे देवा! नुसतं नाव बदलून काय होतंय? आतला माल बदलायला लागतो!"

"बरं ताई. ध्यानात ठेवतो."

ठेवलं. दुसऱ्या दिवशी ताईंना दिसलं, चित्रातल्या म्हशीखाली 'शेळी' असं लिहिलंय. "एवढं दुरुस्त कर," म्हणून त्या आठवडाभर माहेरी गेल्या. येऊन बघतात तर 'शेळी' हा शब्द जिथल्या तिथं, आणि म्हशीची शेळी झालेली. दोनशे चाळीस चित्रांत. दाढीसकट.

"हे काय केलंस रे?"

"नुसतं नाव बदलून काय होतंय ताई? तुम्हीच म्हणाला न्हवं?"

शेळीची पुन्हा म्हैस करण्यात आणखी एक आठवडा गेला. मग कळलं, म्हशीचं तोंड आधी हलतंय आणि आवाज मागून येतोय. म्हशीला आवाज दिला होता ताईंच्या जावेनं. ती सुरुवातीचे बारा सेकंद नुसती घसा खाकरत होती.

"सिदाप्पा, जिथं काही सांगितलेलंच नाही, तेवढं कापायचं. मग फाइल आत घ्यायची."

सिदाप्पानं कापलं. आवाज तोंडाला बरोबर जुळला. जन्मात पहिल्यांदा त्याचं काम एका फटक्यात झालं. ताईंनी कौतुकानं त्याला चहा पाजला. तिथंच चुकल्या.

शेवटी उरलं मगदूमसाहेबांचं भाषण. चौदा मिनिटांचं. साहेबांचं चित्र केस काळे आणि पोट आत असं काढायचं, ही साहेबांचीच सूचना. "ही फाइल नीट ऐकून घे," असं सांगून ताई सभेच्या तयारीला लागल्या.

सभेला सातशे सभासद जमले. म्हैस सगळ्यांना आवडली. मग पडद्यावर काळ्या केसांचे साहेब आले. खरे साहेब पहिल्या रांगेत सावरून बसले. पडद्यावरच्या साहेबांनी हात जोडले.

"नमस्कार. जेवण मागच्या बाजूला आहे."

पडदा काळा झाला. सातशे माणसं टाळ्या वाजवत उठली आणि मागच्या बाजूला गेली. साहेबांचं भाषण लोकांना इतकं कधीच पटलं नव्हतं.

"माझं भाषण कुठाय?" साहेब ओरडले.

तालुक्याचं काम गेलं, हे ताईंनी तिथंच ओळखलं. सिदाप्पा अदबीनं पुढं झाला.

"साहेब, तीनदा कान देऊन ऐकलं. जिथं काही सांगितलेलंच नाही, तेवढंच कापलं. 'नमस्कार' बी कापणार हुतो. पण म्हटलं, नको, साहेब मोठं माणूस हाय."