एका दात्याचा फरक

“म्हणजे गिअरबॉक्सला काही झालंच नव्हतं?”

इसाक मिस्त्रींनी इंजिनाचा तुटलेला टायमिंग बेल्ट हातात धरला होता. तसबीहचा एकेक मणी ओढावा तसा त्याचा एकेक दाता ते अंगठ्याखालून सरकवत होते.

भूपाल हुक्केरीनं पुन्हा विचारलं, “उस्ताद, गिअरबॉक्स चांगला होता?”

“होता.”

“मी उघडला तेव्हाही?”

“तू उघडलास तेव्हाही.”

भूपाल शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला. समोर डॉक्टरबाईंची पांढरी गाडी उभी होती. मागचा बंपर आत गेलेला, डावा दिवा फुटलेला. गेल्या गुरुवारी क्रेनवाल्यानं ती घाटातून ओढून थेट इथं आणली होती. भूपालच्या वर्कशॉपला नाही. इथं.

तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं होतं.

गडहिंग्लजच्या या पत्र्याच्या शेडमध्ये भूपाल नऊ वर्षं शिकला. अकरा वर्षांपूर्वी बाहेर पडला आणि हमरस्त्यावर त्यानं स्वतःचं वर्कशॉप काढलं. काचेची केबिन, दोन लिफ्ट, गाडीला जोडला की दोष सांगणारा स्कॅनर. ऑटोमॅटिक गाड्यांचं काम करणारा आसपासच्या चार तालुक्यांत तो एकटाच, असं लोक म्हणत. तोही म्हणे.

आणि डॉक्टर प्रमिला शिरगुप्पे यांच्याकडे होती बावीस वर्षं जुनी ऑटोमॅटिक.

ती त्यांनी हौसेनं घेतली नव्हती. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचा डावा पाय बारीक राहिलेला. त्या पायानं क्लच दाबणं व्हायचं नाही. क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी ही एवढीच गाडी त्यांना चालवता येई. दर गुरुवारी ती घेऊन त्या घाटातल्या बोरजाई गावी जात आणि शाळेच्या व्हरांड्यात बायकांना तपासत. एकोणीस वर्षांत हा गुरुवार फारसा चुकला नव्हता.

दिवाळीनंतर गाडी हिसके देऊ लागली. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गिअर उशिरा पडायचा आणि पडताना गाडी दणका खायची. भूपालनं स्कॅनर जोडला, गिअरचं ऑईल काढून बोटांवर चोळलं, वास घेतला आणि निदान केलं. गिअरबॉक्सच्या आतल्या प्लेटा झिजून संपल्यात.

त्यानं गिअरबॉक्स उतरवला, पुण्याहून प्लेटा मागवल्या आणि तीन आठवड्यांनी गाडी परत दिली.

चार दिवसांनी बाईंचा फोन आला. हिसका तसाच आहे.

“नव्या प्लेटा बसायला वेळ लागतो, मॅडम,” भूपाल म्हणाला होता.

त्यानंतरच्या तिसऱ्या गुरुवारी, घाटातल्या अवघड वळणावर, टायमिंग बेल्ट तुटला.

इंजिन जागच्या जागी मेलं. इंजिन मेलं की ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये धरून राहत नाही. ती मागं घसरू लागली. ब्रेक दगडासारखा कडक झाला. बाईंनी हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंग डोंगराकडे वळवलं, म्हणून गाडी दरीत गेली नाही. दरडीवर आदळून थांबली. त्यांचं मनगट मोडलं.

“ऑईल काळं पडलं होतं, उस्ताद,” भूपाल म्हणाला. “करपल्याचा वास येत होता.”

“बावीस वर्षांच्या गाडीचं ऑईल काळंच असणार.”

“गिअर उशिरा पडत होता. मी स्वतः चालवून बघितली.”

“पडत होता. का पडत होता?”

इसाक मिस्त्रींनी बेल्ट त्याच्यासमोर धरला. एका जागी दाते झिजून सपाट झाले होते.

“हा म्हातारा झाला. ढिला पडला. कधीतरी एक दाता सरकला. एकच. पण त्यानं इंजिनाचा ताल चुकला, ताकद गेली. ताकद गेली म्हणून बाई पाय जास्त दाबायला लागल्या. पाय जास्त दाबला की गिअर उशिरा पडणार, दणका देणार. गिअरला जे शिकवलंय, तेच तो करत होता.”

“स्कॅनरवर टायमिंगचं काही आलं नाही.”

“एवढ्या जुन्या गाडीत ते येत नाही.”

“मग मला कळणार कसं?”

मिस्त्रींनी बेल्ट बाकावर ठेवला.

“बाई काय म्हणाल्या होत्या?”

“हिसके देते म्हणाल्या. चढावर ओढत नाही म्हणाल्या.”

“आणखी?”

“एवढंच.”

“एवढंच?”

भूपालनं आठवायचा प्रयत्न केला. स्कॅनरवरचे आकडे त्याला पाठ होते. कुठली प्लेट किती झिजली होती, तेही आठवत होतं. आणि मग, कोणी विचारलं नसतं तर कधीच आठवलं नसतं असं काहीतरी आठवलं. केबिनच्या दारात काठीवर भार देऊन बाई उभ्या होत्या. म्हणाल्या होत्या, “भूपाल, मला काय वाटतं सांगू का…”

आणि स्क्रीनवरची नजर न काढता त्यानं हात वर केला होता.

“तुम्ही निश्चिंत राहा, मॅडम. मशीन सांगेल.”

बाई हसल्या होत्या. मग रिक्षात बसून गेल्या होत्या.

“काहीतरी सांगणार होत्या,” तो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

“काय?”

“माहीत नाही, उस्ताद…”

“मग मला काय विचारतोस? त्यांना विचार.”

डॉक्टरबाईंचं घर तिथून चार गल्ल्या पलीकडे होतं. भूपाल चालत गेला. एवढं अंतर तो कित्येक वर्षांत चालला नव्हता.

बाई ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, काठी भिंतीला टेकवलेली. त्याला पाहून त्यांनी आत पाणी सांगितलं. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

तो उभाच राहिला.

“मॅडम, गाडी टाकायला आला होतात तेव्हा तुम्ही काहीतरी सांगत होतात. मी ऐकलं नाही. काय होतं ते?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“आता त्याचा काय उपयोग?”

“उपयोग नाही. तरी सांगा.”

“फार मोठं काही नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं, की हिसका नंतर येतो. आधी गाडी दमते. सपाटीवरसुद्धा. सकाळी चालू करताना पुढच्या बाजूनं बारीक थडथड होते. म्हटलं, गिअर नुसता लंगडत असेल, दुखणं दुसरीकडे असेल. पायानं लंगडत येणाऱ्या बायकांचं कितीदा कमरेत निघतं…”

त्या थांबल्या.

“पण तुम्ही जाणकार. मला वाटलं, आपण कशाला मध्ये बोला. पेशंट सांगायला लागला की मीही असाच हात वर करते कधीकधी. त्या दिवशी तुमचा हात बघितला आणि माझाच आठवला. म्हणून हसले.”

पाण्याचा तांब्या आला. भूपालनं घेतला नाही.

“मी इंजिन बांधून देतो. गाडी पहिल्यासारखी करतो.”

“करा. पण मी बसेन असं नाही.”

“मॅडम…”

“मागं घसरताना पायाखाली ब्रेक लागत नव्हता, भूपाल. एकच पाय आहे मला भरवशाचा. आता तोही धजत नाही.”

“मग दर गुरुवारी मी नेतो तुम्हाला. मी स्वतः.”

“किती गुरुवार?”

खोटा आकडा सांगायचं त्याला धाडस झालं नाही.

बाईच पुढं म्हणाल्या, “परवा बोरजाईहून एक पोरगी आली होती. सातवा महिना. एसटीत जागा नव्हती. दोन तास उभ्यानं आली.”

एवढं बोलून त्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

भूपाल परत शेडवर आला. त्यानं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या वर केल्या आणि गाडीचं बॉनेट उघडलं. मिस्त्रींनी पान्यांचा डबा पायानं त्याच्याकडे सरकवला.

इंजिनाचं डोकं उतरवायला दोन दिवस लागले. बेल्ट तुटल्यावर पिस्टन येऊन व्हॉल्ववर आदळले होते. सहा व्हॉल्व वाकलेले निघाले. भूपालनं ते रॉकेलनं धुतले, कापडावर ओळीनं मांडले आणि त्यांच्याकडे बघत बसला.

वर्कशॉपवरून माणसांचे फोन येत राहिले. त्यानं सांगितलं, “तुम्ही बघा. मी इथं आहे.”

तेराव्या दिवशी गाडी चालू झाली.

तो एकटाच तिला चढावर घेऊन गेला. दुसरा गिअर पडला. तिसरा पडला. लोण्यातून सुरी जावी तसे. कुठं दणका नाही, कुठं ओरडणं नाही. त्यानं उघडायला नको होता तो गिअरबॉक्स… आता कुणाला सांगायची गरजच नव्हती. गाडीच सांगत होती.

चढ संपल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून थोडा वेळ बसला.

बाईंचं प्लॅस्टर निघायला आणखी महिना गेला; मग एका संध्याकाळी त्यानं त्यांना शेडवर आणलं. त्या काठी टेकत आल्या, दार उघडून आत बसल्या. किल्ली फिरवली. इंजिनाचा आवाज त्यांनी डोळे मिटून ऐकला.

“छान झालीय,” त्या म्हणाल्या. “आता दमत नाही ती.”

त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. हात गिअरच्या दांड्यावर नेला. तो तिथंच राहिला… मग त्यांनी तो मागं घेतला.

त्यांनी इंजिन बंद केलं.

“नको, भूपाल. एखाद्या गरजू माणसाला द्या.”

उतरताना त्यांनी गाडीच्या टपावर एकदा हात ठेवला. मग मिस्त्रींना नमस्कार केला आणि रिक्षाला हात केला. भूपाल रस्त्यापर्यंत मागोमाग गेला.

तो शेडमध्ये परतला तेव्हा इसाक मिस्त्री हत्यारं पुसत होते.

“गाडी नीट झाली, उस्ताद,” तो म्हणाला. “बाकी काहीच नीट झालं नाही.”

मिस्त्री पुसत राहिले.

“नऊ वर्षं होतो मी तुमच्या हाताखाली. तुम्ही मला बेल्ट बसवायला शिकवलं, व्हॉल्व घासायला शिकवलं, इंजिनाला कान लावायला शिकवलं. मग माणसाचं ऐकायला का नाही शिकवलंत?”

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. दोष द्यायला तो अजून कुणीतरी शोधत होता.

“चुकलो,” तो म्हणाला. “माझं पाप तुमच्या माथी मारत होतो.”

पण मिस्त्रींचे हात थांबले होते.

त्यांनी पाना खाली ठेवला. कोपऱ्यातलं स्टूल ओढून आणलं. खांद्यावरच्या फडक्यानं ते पुसलं. एकदा पुसलं, पुन्हा पुसलं. ते आपल्या समोर ठेवून त्यांनी भूपालला बसायची खूण केली.

नऊ वर्षांत भूपाल त्यांच्यासमोर कधी बसला नव्हता. तो अवघडून टेकला.

मिस्त्री स्वतः जमिनीवर बसले. त्यांना त्याच्याकडे मान वर करून बघावं लागत होतं.

“तू सोडून गेलास त्या सकाळी दारात उभा राहून काहीतरी सांगत होतास. मी ग्राइंडर बंद केला नाही… काय सांगत होतास, बाबा?”