ढिगाचा आडोसा

सागाच्या एका जंगलाला लागून, नाल्याकाठच्या उघड्या माळावर एक टिटवी राहत असे. झाडावर घरटं बांधायची तिला हौस नव्हती. चार खडे इकडचे तिकडे करायचे, त्यांच्यामध्ये अंडी घालायची आणि दिवसभर पहारा करायचा, असा तिचा संसार. टिटवी ओरडली की काही लोक अपशकुन झाला म्हणून तोंड वाकडं करतात. मुलांनो, तुम्ही तरी असला वेडेपणा करू नका. टिटवीने काहीतरी पाहिलेलं असतं म्हणून ती ओरडते. साप आला तर ती सापाच्या डोक्यावर घिरट्या घालते, बिबट्या आला तर बिबट्याच्या. त्या जंगलात हे सगळ्यांना ठाऊक होतं. "टिटिटिव्, टिटिटिव्" ऐकू आलं की ससे, चितळ, मोर आधी मान वर करायचे, टिटवी कुठे फिरतेय ते बघायचे आणि तिच्या उलट्या दिशेला पळायचे.

त्या जंगलाच्या पोटात कोळसा होता. जनावरांना त्याचा पत्ता नव्हता, आणि असता तरी त्यांना त्याचं काय करायचं होतं? पण माणसांना पत्ता लागला. मग ती खाण काढायला आली. खाण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे बोगदा येत असेल. ही तसली खाण नव्हे. ही उघडी खाण. आधी झाडं कापायची, मग जमिनीची साल काढायची, मग खालची माती आणि दगड उपसून बाजूला टाकायचे आणि खाली कोळसा दिसेपर्यंत थांबायचंच नाही. मोह गेले, तेंदू गेले, साग तर पहिल्याच महिन्यात गेले. जिथे जंगल होतं तिथे खड्डा झाला, आणि खड्ड्यातली माती नाल्याकाठी टाकून टाकून तिचा भला मोठा ढीग झाला. उरलेली जनावरं कडेच्या झुडपांत दाटीवाटीने राहू लागली. नाल्याचं पाणी खड्ड्यात पाझरायचं, पंप ते काळं करून परत बाहेर फेकायचे, आणि तेच सगळ्यांनी प्यायचं.

एके दिवशी दुपारी पहिला सुरुंग उडाला. जमीन हादरली, दगड आभाळात उडाले आणि त्यातला एक येऊन टिटवीच्या घरट्यावर पडला. चार अंडी होती. चारही गेली. दोन दिवस टिटवी त्या दगडाशेजारी उभी होती, अन्न नाही की पाणी नाही. मला हे सांगतानासुद्धा वाईट वाटतं, पण गोष्ट सांगायची तर हे वगळता येत नाही.

तिसऱ्या दिवशी जनावरं झुडपात जमली. एक म्हातारं साळिंदर म्हणालं, "माझं बीळ दोनदा ढासळलं. आता इथे राहण्यात अर्थ नाही. नदीपलीकडच्या डोंगरावर जाऊ. चढ आहे, चारा कमी आहे, पण जमीन तरी जागेवर आहे."

"आजोबा, माझी पिलं आठ दिवसांची आहेत हो," सशीण म्हणाली. "पण तुम्ही सगळे निघालात तर मीही निघेन. एकेकाला तोंडात धरून नेईन."

बहुतेकांचं ठरलंच होतं. तेवढ्यात कोल्हा आला. हा कोल्हा खाणीच्या कॅन्टीनमागे उष्टं खायला जायचा, आणि तेवढ्यावर 'माणसांशी आपलं बोलणं असतं' म्हणून मिरवायचा. तो म्हणाला, "अरे, एवढं काय घाबरताय? मी चौकशी करून आलोय. सुरुंग रोज एकदाच उडणार, दुपारी सूर्य कलला की. त्याआधी माणसं लाल झेंडा लावतात. झेंडा दिसला की टिटवीबाईंनी ओरडायचं, आणि सगळ्यांनी मातीच्या ढिगाआड जाऊन बसायचं. दगड ढिगावर आपटतील, तुम्हाला ओरखडासुद्धा यायचा नाही. घरदार सोडून डोंगर चढायची काही गरज नाही."

"ढीग कशाचा आहे ते बघितलंस का?" साळिंदर म्हणालं. "उपसून टाकलेली भुसभुशीत माती ती. मी जन्मभर जमीन खणतोय. असल्या मातीत बीळसुद्धा टिकत नाही."

"आजोबा, तुम्ही बिळापुरतं बघा. मोठ्या गोष्टी आमच्यावर सोडा," कोल्हा हसून म्हणाला.

यात कोल्ह्याचा काय फायदा, असं तुम्ही विचाराल. अहो, सगळे डोंगरावर निघून गेले असते तर 'कोल्होबा, आता काय करायचं?' असं त्याला विचारायला उरलं असतं कोण? पुढारीपण करायला मागे कळप लागतो. पण हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळे टिटवीकडे बघत होते.

टिटवी म्हणाली, "माझी चार गेली. दुसऱ्या कुणाची जायला नकोत. मी ओरडेन." आणि डोंगराचा विषय तिथेच संपला.

आता खरं ते सांगायला हवं. कोल्ह्याची युक्ती चालली. दुसऱ्या दिवशी लाल झेंडा लागला, टिटवी ओरडली, सगळे ढिगाआड पळाले. सुरुंग उडाला, दगड पलीकडच्या बाजूवर धडाधड आदळले, आणि इकडे एकाचंही पीस हललं नाही. पुढे दोन वर्षं रोज हेच चाललं. 'कोल्होबा होते म्हणून वाचलो' असं जो तो म्हणू लागला. साळिंदर एकटंच ढिगाकडे जायचं नाही, लांब खडकाच्या कपारीत अंग चोरून बसायचं, आणि पोरंटोरं त्याला हसायची.

फक्त एक गोष्ट बदलली, आणि ती इतकी हळूहळू बदलली की कुणाला कळलीच नाही. टिटवी ओरडल्यावर मान वर करायची सवय गेली. वर बघायचं कशाला? ओरडली म्हणजे सुरुंग, आणि सुरुंग म्हणजे ढीग. सशिणीला या दोन वर्षांत बरीच पिलं झाली, आणि प्रत्येक वेताला ती चारा ओळखायच्या आधी हेच शिकवायची. या वेळची तीन होती. धाकट्याचा एक कान जन्मतःच दुमडलेला होता.

"टिटवी ओरडली की?" सशीण विचारायची.

"ढिगाकडे!" तिघं ओरडायची.

"मागे बघायचं?"

"नाही!"

"वर बघायचं?"

"नाही!"

"थांबायचं?"

"नाही, नाही, नाही!" आणि तिघं कोलांट्या मारत सुटायची. सशीण हसायची. आपल्या पिलांना काही होऊ नये म्हणून ती हे करत होती, तिच्यावर रागावू नका.

बाकी सगळं मात्र वाईटाकडेच चाललं होतं. पानांवर काळी धूळ बसायची, चितळांच्या दातांत कचकच यायची, मोर नाचताना खोकायचे. खाणीजवळच्या पाड्यातली एक गाय कधीमधी नाल्यावर यायची. ती एकदा सांगत होती, "आमच्या घरांच्या भिंती तडकल्या, विहीर आटली. धन्याला पत्र्याचं घर दिलंय लांब, उघड्या रानात. तिथे गोठा नाही म्हणून मला सोडून दिलं. जाताना त्याची बायको माझ्या गळ्यात पडून रडली बघा. पाड्यातले सगळे म्हणत होते, जमीन द्यायची नाही. मग त्यांच्यातलाच एक जण आला आणि म्हणाला, घाबरू नका, मी बोलून आलोय." सशिणीने गायीचं ऐकून घेतलं आणि बिचारीवर काय वेळ आली म्हणून हळहळली. आपल्याकडेही असाच एक जण आहे, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या भाद्रपदात झड लागली. सलग सहा दिवस पाऊस. ढिगात पाणी मुरत गेलं. सातव्या दिवशी सकाळी उघडलं, ऊन पडलं, आणि सशीण पिलांना झुडपात ठेवून नाल्यापलीकडे कोवळं गवत आणायला गेली. टिटवी अंग वाळवत माळावर उभी होती. तिने सहज ढिगाकडे पाहिलं. माथ्यावर एक लांब भेग पडली होती. बघता बघता ती रुंद झाली, आणि ढिगाच्या पायथ्यातून चिखल बाहेर यायला लागला.

टिटवीने जे केलं ते कुठल्याही टिटवीने केलं असतं. ती उडाली, थेट ढिगावर गेली आणि जिवाच्या आकांताने ओरडू लागली. "टिटिटिव्! टिटिटिव्!"

"आज सकाळीच?" एक मोर म्हणाला, आणि पळत सुटला. त्याच्यामागे चितळ पळाले, ससे पळाले, रानकोंबड्या पळाल्या. सगळे ढिगाकडे.

टिटवीने खाली पाहिलं, तर सगळे ढिगाकडेच येत होते. "इकडे नको! ढीग सुटला! मागे फिरा!" ती ओरडली. पण पंप घरघरत होते, चिखलात शेकडो पाय धावत होते, आणि टिटवीच्या आवाजाचा दोन वर्षांत एकच अर्थ उरला होता. ती जितकी मोठ्याने ओरडे, तितके ते जोरात पळत. ती त्यांच्या तोंडावर झेपावली, चोची मारल्या. ते तिला चुकवून पुढे गेले.

सशिणीची तीन पिलं सगळ्यांत मागे होती. दुमडक्या कानाचं धाकटं मध्येच थबकलं आणि त्याने मान वर केली. "दादा, अरे ती ढिगावरच का फिरतेय?"

"वर बघायचं नाही! आईने सांगितलंय ना!" दादा ओरडला आणि त्याला ढोसत पुढे घेऊन गेला.

मग ढीग खाली आला.

सशीण आली तेव्हा तिच्या तोंडात गवत तसंच होतं. साळिंदर चिखल उकरत होतं. जितका उकरावा तितका वरून येत होता. त्याच्या पंजांतून रक्त आलं तरी ते थांबलं नाही. सशीणही उकरू लागली. टिटवी शेजारी उतरली, पण तिला जवळ जायचा धीर होईना. दुपारपर्यंत त्यांच्या हाती काही लागलं नाही. दुपारी यंत्रं आली. माती डंपरच्या रस्त्यावर आली होती, ती त्यांनी बाजूला लोटली, आणि सूर्य कलल्यावर नेहमीसारखा लाल झेंडा लागला.

"मी ओरडायलाच नको होतं," टिटवी म्हणाली.

"तू बरोबरच ओरडलीस गं," सशीण म्हणाली. "वर बघू नका, हे त्यांना मीच शिकवलं." एवढं बोलून ती खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

कडेला होते ते थोडे वाचले होते, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कोल्हा आला. मान खाली, शेपूट खाली, सगळं रीतसर. "फार वाईट झालं," तो म्हणाला. "पाऊसच असा झाला, त्याला कोण काय करणार? पण तुम्ही धीर सोडू नका. मी बोलून आलोय. पलीकडे नवा ढीग घालायला घेतलाय. तो पक्का आहे. उद्यापासून तिकडे पळायचं. काय सशीणवहिनी?"

सशीण उठली. तिने कोल्ह्याकडे पाहिलं, आणि दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कोल्होबा, सुरुंगाच्या वेळी तुम्ही कुठे बसायचात?"

सगळे आठवू लागले. ढिगाआड मोर असायचे, चितळ असायचे, ससे एकमेकांना चिकटून असायचे. कोल्हा कधीच नसायचा. तो कॅन्टीनच्या पक्क्या भिंतीमागे असायचा.

"मला कामं असतात," कोल्हा म्हणाला.

सशिणीने पाठ फिरवली. ती नदीच्या दिशेने चालू लागली. साळिंदर तिच्यामागे निघालं, आणि दोघांच्या डोक्यावरून टिटवी. आणखी चार-पाच जण गेले. बाकीच्यांनी काय केलं, ते सांगायची मला लाज वाटते, पण तुम्ही विचारणारच. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नदी लांब आहे, डोंगराला चढ आहे, असं कुणीतरी म्हणालं. मग एका चितळाने कोल्ह्याला विचारलं, "नवा ढीग नक्की कुठल्या बाजूला आहे हो?"

तात्पर्य : ज्याच्यामुळे संकट आलं त्याच्याच ढिगाचा आडोसा कुणी दाखवला, तर पळण्याआधी मान वर करून बघावं, आणि दाखवणारा स्वतः कुठे बसतो ते पहिल्याच दिवशी विचारावं.