शपथ सोडवणारी परी

तेरड्याच्या माळाला लागून एक झोपडं होतं. त्यात इवलीशी यमुनी, तिची मोठी बहीण केशर आणि आई राहायच्या. आई लोकांकडे पुरणपोळ्या लाटायला जायची. गरिबी होती, पण ताट कधी रिकामं नव्हतं. तरीही केशर जेवत नव्हती.

झालं असं, की एका लग्नाच्या पंगतीत एक बाई म्हणाली, "काय गं केशर, आईच्या सगळ्या पोळ्या तूच खातेस वाटतं!" पंगत खो खो हसली. जळो ती जीभ! त्या दिवसापासून केशरने उपास धरले. आधी सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार, वर चतुर्थी. बायका म्हणायच्या, "किती देवाधर्माची पोर!" आणि आईची मान ताठ व्हायची. मोठ्या माणसांना कधीकधी काडीची अक्कल नसते, पोरांनो.

यमुनीला मात्र ठाऊक होतं. उपासाची खिचडीसुद्धा केशर गुपचूप शेळीला घालायची. यमुनीने ते पाहिलं, तेव्हा केशरने तिचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला.

"आईला सांगितलंस तर मी मरेन. घे शपथ!"

यमुनीने घेतली. काय करणार बिचारी?

केशर पांढरीफटक पडली. भर उन्हात कुडकुडायला लागली. सांगावं तर ताई मरणार, न सांगावं तरी मरणार. यमुनी माळावर पळाली आणि तेरड्यात तोंड खुपसून रडली.

माळ सगळा गुलाबी, जांभळा. पानापानावर दवाचे चिमुकले मणी. तिथे कोळ्याच्या जाळ्यात एक पिटुकली परी अडकली होती, चतुरासारख्या झिरझिरीत पंखांची. यमुनीने डोळे पुसले आणि एकेक धागा अलगद सोडवला.

"माग काय हवं ते," परी किणकिणली. "चांदण्यांचा झगा देऊ? मोत्यांचे पैंजण? पण मागणं एकच. आणि दुसऱ्याच्या पोटात, दुसऱ्याच्या मनात माझी कांडी चालत नाही."

"ताईला भूक दे."

"भूक आहे गं तिला, राणी. भुकेवर भीती चढून बसलीये. ती मला नाही काढता येत."

"मग तुझा काय उपयोग, मेले!"

परी रागावली नाही, पण तिचे पंख फिके पडले. "शपथ सोडवता येते मला. मग तू बोललीस म्हणून ताई मरणार नाही. पण तिचा राग मला थांबवता येणार नाही. तो जाईपर्यंत मी तुझ्या वेणीत बसून राहीन, एवढंच."

"सोडव," यमुनी म्हणाली. झगा कसा होता, हेसुद्धा तिने विचारलं नाही.

घरी बायका बसल्या होत्या. त्यांच्यादेखत ती बोलली, "आई, हे उपास नाहीत. ताई जेवायला घाबरते. खिचडी शेळी खाते."

"देवाचं खोटं बोलतेस, कार्टे?" आईने हात उगारला.

तेवढ्यात केशर किंचाळली, "शपथ मोडलीस! जा, मला बहीणच नाही!"

आईचा हात वरच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने केशरला शहरात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आजार आहे, नखरा नाही. ओरडू नका. तिच्या अंगाबद्दल चकार शब्द नको, चांगलासुद्धा नको. जेवताना शेजारी बसा आणि तपासायला आणत राहा. वेळ लागेल."

वेळ म्हणजे किती, ते कुणी सांगत नव्हतं. केशर ताट बघून रडायची, कधी भिरकावून द्यायची. आज घास घेतला, तर उद्या तोही नाही. आई चुलीपाशी पदर तोंडात कोंबून रडायची आणि परत येऊन बसायची. एकदा शेजारीण डोकावली. "अजून खात नाही का गं ही?"

"चालती हो! माझ्या पोरीच्या ताटात बघायचं काम नाही!"

केशर यमुनीशी बोलत नव्हती. चुगलखोरसुद्धा म्हणत नव्हती. यमुनी तरी रोज शेजारी बसायची. माळावरचा तेरडा सुकून करडा झाला. ताई आता परत येत नाही, असंच यमुनीला वाटायला लागलं, आणि परी अजून वेणीतच बसून होती.

एका दुपारी केशरने वरणभात कालवला. एक घास घेतला आणि उरलेला भात बोटांनी चिवडत बसली. यमुनी जमिनीकडे बघत राहिली.

"यमे," केशर म्हणाली, "मला लई भीती वाटते गं."

"मी बसलेय," यमुनी म्हणाली.

केशरने दुसरा घास उचलला.

वेणीतून सोनेरी उजेडाचा झोत फुटला. झोपडं लख्ख झालं, काळी कढईसुद्धा झगमगली, आणि परी त्या उजेडात विरून गेली. यमुनीने मान वळवून पाहिलं नाही. ताटात भात अजून होता.