खारटीची म्हातारी आणि हौसाई

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आंबेदऱ्याला रस्ता नव्हता, आणि त्याची कुणाला खंतही नव्हती. तीन बाजूंनी रान, चौथ्या बाजूला भाताची खाचरं, आणि मधे कारवीच्या कुडाची घरं, एवढंच गाव. त्या गावात हौसाई नावाची सुईण होती. गावातलं प्रत्येक पोर आधी तिच्या हातात यायचं आणि मग आईच्या कुशीत. त्यामुळे पुजारी असो नाहीतर कारभारी, ती सगळ्यांना अरे-तुरे करायची. ज्याला आपण नागडा उचललाय त्याला अहो-जाहो कसलं करायचं, असं तिचं म्हणणं. आणि खरं सांगतो, कुणी त्याचं वाईटही वाटून घेत नसे.

दसरा तोंडावर आला की आंबेदऱ्यातल्या बायका भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा द्यायच्या. त्या वर्षी ओढ्याला पूर आला आणि गावाजवळची सगळी माती वाहून गेली. म्हणून बायका वर रानात गेल्या, आणि तिथं त्यांना एक दरड दिसली. काय ती माती! लोण्यासारखी मऊ आणि दुधासारखी पांढरी. दरडीवर जिभांचे ओरखडे होते, खाली मोठमोठ्या खुरांनी चिखल तुडवला होता, पण तिकडे बघतंय कोण? प्रत्येकीला जावेच्या भिंतीपेक्षा आपली भिंत पांढरी हवी होती. पाट्यांवर पाट्या भरून माती खाली आली, आणि दरड पार तांबड्या खडकापर्यंत खरवडून निघाली. हौसाईनंही चार पाट्या आणल्या. तिचं नाव घेताना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

गाव असं उजळलं की ज्याचं त्यालाच आपलं घर ओळखू येईना. आणि दोन-चार दिवसांनी, ऊन कलताना, रानातून गवे उतरले.

गवे खाचरात शिरतात हे गावाला ठाऊक होतं. पण हे भाताकडे बघेचनात. ते सरळ घरांपाशी आले आणि भिंती चाटू लागले! कळपात एक प्रचंड नर होता, काळाकभिन्न, भिंतीला खांदा घासला तर घर पडेल असा. पुरुष म्हणाले, हाच म्होरक्या, ह्याला पळवला की झालं. ढोल वाजले, डबे बडवले गेले. नरानं मान उडवली आणि तो रानात निघून गेला. गड्यांनी जल्लोष केला. मागं वळून बघतात तर कळप जागचा हललेला नाही! माद्या चाटताहेत, वासरं आयांच्या पोटाखाली उभी आहेत. नराचं काय, तो आज ह्या कळपात तर उद्या दुसऱ्या. त्याच्या जाण्यायेण्याचं कुणाला सुतक नव्हतं.

नेमक्या त्याच वेळी रानाकडच्या शेवटच्या घरात तुळसाला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण पोर. दाराशी गवे, भिंतीशी गवे. जिभेच्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी माती निघत होती आणि कुडाची कारवी कडाकडा मोडत होती. आत ती आणि तिची आंधळी सासू, दोघीच. तिचा नवरा शिदबा पेटता टेंभा घेऊन धावला, तशी हौसाईनं त्याचा हात धरला.

"इझीव त्यो जाळ! बिथरली तर घरातनं पार हुतील. कूड हाय त्यो, दगडी भित न्हाई."

"मग काय बघत बसू, हौसाई? माझी बायकू आत हाय!"

"बघच. कवा बघितलंस का ह्यांच्याकडं?"

हौसाई बघत राहिली. कळपाच्या मधोमध एक म्हातारी मादी होती. शिंगं झिजलेली, एक कान फाटलेला, आणि पोट ह्या वयातही भरलेलं. ती सरकली की बाकीच्या सरकत. ती थांबली की थांबत. ती भिंत चाटत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती आस होती. ही आस हौसाईनं जन्मभर पाहिली होती. गरोदर सुना सासूची नजर चुकवून भिंतीचा पोपडा काढून तोंडात टाकतात, तेव्हाची ती नजर.

"अगं बया," हौसाई कपाळाला हात लावून म्हणाली, "पोटुशी हाईत ह्या! आन् आपुन ह्यांची डव्हाळ्याची माती भितीला फासली!"

तिनं स्वतःच्या घराची भिंत खरवडली, पाटी भरली, माती मुळात खारटच, तरी वर घरातलं होतं नव्हतं ते मीठ ओतलं. पाटी डोक्यावर घेऊन ती कळपात शिरली. सगळ्या गावानं श्वास रोखला. तुळसाच्या भिंतीपाशी येऊन ती मोठ्यानं म्हणाली, "तुळसे, भिऊ नगंस. ह्यास्नी घरला सोडून आल्येच म्या!" मग तिनं एक ढेकूळ म्हातारीच्या तोंडापुढं धरलं, आणि पाठ वळवून रानाची वाट धरली.

म्हातारीनं हुंगलं. थांबली. आणि वळली.

"वळली!" बायका ओरडल्या. "वळली गं, म्हातारी वळली!"

एकामागून एक सगळा कळप वळला. आत तुळसानं ते ऐकलं, आणि भीतीनं आवळून धरलेलं तिचं अंग सैल झालं.

खरवडलेल्या दरडीपाशी हौसाईनं पाटी ओतली. मागून गावातल्या बायका आपापल्या भिंती पाट्यांत घेऊन आल्याच. परतताना हौसाई चाललीच नाही, म्हातारीनं तिला पाठीवरून शिवेपर्यंत आणून सोडलं, असं म्हणतात. मला विचाराल तर ती पळतच आली असणार. पण ती वेळेवर पोचली एवढं खरं. बाळ आलं, ठणठणीत रडलं. धांदलीत हौसाईचे हात धुवायचे राहिले होते, म्हणून बाळाच्या पाठीवर पांढरा पंजा उमटला. तो बारशापर्यंत पुसला नाही, असं म्हणतात.

त्या वर्षी आंबेदऱ्यानं दसरा उघड्या कुडाच्या घरांत केला, आणि इतक्या हलक्या मनानं गावानं कधी सोनं वाटलं नव्हतं.

त्या दरडीला आता खारटी म्हणतात. तिथली चिमूटभर मातीही कुणी उचलत नाही. उलट दसऱ्याआधी दर घरातून मातीची पहिली पाटी, वर मूठभर मीठ घालून, तिथं जाते. सगळ्यांत पुढं गावातली सर्वांत म्हातारी बाई चालते, पुरुष शेवटी, आणि ढोल घरी. आणि गावात कुणी बाळंत होत असलं की बाहेरची माणसं अजून अंगणात श्वास धरून उभी राहतात. मुलगा की मुलगी, हे आतून आधी कुणी सांगत नाही. बाळ रडलं की आतली बाई दार किलकिलं करते आणि म्हणते, "वळली, म्हातारी वळली." मग सगळं अंगण मोकळं होऊन हसतं.