निशाणावरचा माळढोक

एक राजा होता. त्याच्या राज्यात पुष्कळ प्रांत होते, आणि प्रत्येक प्रांताला वाटे की आपणच सगळ्यांत थोर. त्यांची रोजची भांडणं ऐकून राजा कंटाळला. त्याने फर्मान काढलं, "प्रत्येक प्रांताने आपल्या मुलखात राहणारा एक जीव निवडावा. तो त्या प्रांताचा मानाचा जीव. त्याचं चित्र निशाणावर काढावं. जो प्रांत त्याचा उत्तम मान राखील, त्याचं निशाण दसऱ्याच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे चालेल."

झालं! जंगलवाल्यांनी वाघ घेतला, डोंगरवाल्यांनी शेकरू, खाडीवाल्यांनी कासव. राहिला माळावरचा प्रांत. तिथल्या सुभेदाराचं नाव तुळाजीराव. त्याला सिंह हवा होता. पण सिंह त्या मुलखात कोणाच्या पणजोबांनीही पाहिलेला नव्हता. शेवटी नाइलाजाने त्याने माळढोक निवडला.

माळढोक हा मोठा पक्षी. मान ताठ ठेवून चालतो, उघड्या माळावर राहतो, गवतातले नाकतोडे खातो. मादी एकच अंडं घालते, तेही झाडावर नाही, उघड्या जमिनीवर. कोल्हा येताना दुरून दिसावा, एवढंच तिचं मागणं.

नाइलाजाने निवडला खरा, पण निशाणावर चित्र रंगलं आणि तुळाजीरावाला भलताच उमाळा आला. त्याच्या दारावर माळढोक, पगडीच्या तुऱ्यावर माळढोक, पानाच्या डब्यावरही माळढोक. ज्याने जन्मात माळावर पाऊल टाकलं नव्हतं, तो आता माळढोकावर भाषणं देऊ लागला. लोकही टाळ्या वाजवत. त्यांचं काय जात होतं?

दसरा जवळ आला. राजा स्वतः पाहणीला येणार अशी बातमी आली. तेव्हा कुठे तुळाजीराव माळ बघायला गेला, आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"काय हे उजाड! मानाच्या जिवाला बसायला धड झाडसुद्धा नाही. महाराज काय म्हणतील?"

माळढोक झाडावर बसतो का, हे त्याने कोणाला विचारलं नाही. त्याने बाग करायचा हुकूम सोडला. माळावर नांगर फिरले. गवत गेलं, गवताबरोबर नाकतोडे गेले. दुसरीकडून मोठमोठी झाडं मुळांसकट आणून रोवली. गुलाबाचे ताटवे झाले, कारंजं झालं, मधोमध संगमरवरी माळढोक उभा राहिला आणि चहूबाजूंनी भिंत चढली. खरे माळढोक एकेक करून उडून गेले. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण सगळे पुतळ्याकडे बघत होते.

राजा येण्याच्या आदल्या दिवशी शेवटची पट्टी नांगरायची राहिली होती. सिदू नावाचा नांगऱ्या औत हाकत होता, आणि तुळाजीराव बाजूला उभा राहून घाई करत होता. एकाएकी बैल थांबले. पुढे एक मादी पंख पसरून उभी होती. ती बैलांवर धावून येई, पुन्हा मागे जाऊन अंड्यावर बसे.

"सरकार, म्होरं पाखरू हाय," सिदू ओरडला. "उठंना झालंय."

"मग हाकल की! उद्या महाराज येतायत."

"आवं, अंड्यावर बसलंय त्ये. आपल्याच निशानावरचं पाखरू हाय न्हवं?"

तुळाजीरावाने वर फडफडणाऱ्या निशाणाकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"निशाणावरचं कसं छान रंगवलंय," तो म्हणाला. "हे नुसतं धुळीने माखलंय."

एक पट्टी सोडली असती तर काय बिघडणार होतं? पण नाही. त्याने ढोल वाजवून मादीला पळवून लावलं. अंडं उचलून मखमलीच्या उशीवर, चांदीच्या तबकात ठेवलं. वर गुलाबपाणी शिंपडलं. आणि याला तो मान म्हणत होता!

दुसऱ्या दिवशी चौघडा वाजला, राजा आला. तुळाजीरावाने वाकून तबक पुढे केलं. राजाने अंडं हातात घेतलं. ते दगडासारखं थंड होतं.

"याची आई कुठे आहे?" राजाने विचारलं.

"ती गेली, महाराज. पण काळजी नसावी. आत पुतळा आहे, अगदी हुबेहूब!"

राजाचा चेहरा लालबुंद झाला. "तुळाजीराव, जन्मदात्या आईला घराबाहेर काढायचं आणि तिच्या तसबिरीला हार घालायचा, याला तुमच्याकडे मान म्हणतात का?"

तुळाजीरावाची मान खाली गेली. जमलेल्या लोकांपैकीही कोणी वर बघेना. टाळ्या वाजवणारे हात त्यांचेच होते.

राजाने तिथल्या तिथे निशाण उतरवलं आणि त्यावरचं चित्र स्वतःच्या हाताने खरवडून काढलं. तो म्हणाला, "भिंत पाडा. झाडं जिथली तिथे न्या. गवत वाढू द्या. ती मादी पुन्हा इथे येऊन अंडं घालील, तेव्हा चित्र काढा. तोवर तुमचं निशाण कोरं."

भिंत पडली. गवतही वाढलं, गवत बिचारं रुसत नाही. पण मादी काही परत आली नाही.

अजूनही दसऱ्याला मिरवणूक निघते. वाघ येतो, शेकरू येतं, कासव येतं, आणि सर्वांत मागून एक कोरं निशाण येतं. पोरं विचारतात, "आपला जीव कोणता?" तेव्हा त्या प्रांताची मोठी माणसं जमिनीकडे बघत चालू लागतात.

तात्पर्य: ज्याला मान द्यायचा, त्याला आधी त्याच्या घरात सुखाने राहू द्यावं, घर मोडून काढलेलं चित्र हा मान नव्हे, अपमान आहे.