सीमेवर यथास्थित

एकदा एक नगर होते, करंजपूर नावाचे. माणसे खाऊनपिऊन सुखी होती आणि सुखी माणसांच्या असतात त्या सगळ्या तक्रारीही त्यांच्याकडे होत्या. नगराच्या उत्तरेला, बैलगाडीने चार दिवसांच्या वाटेवर, राज्याची सीमा होती. त्या सीमेवर नऊ वर्षे युद्ध चालू होते.

नगरात बातमी कळायची ती दवंडीने. सकाळी बाजार भरला की दवंडीघराच्या ओट्यावर डफ वाजायचा आणि हातातले काम टाकून माणसे गोळा व्हायची. दवंडी आधी कागदावर लिहायची, मग मोठ्याने वाचायची आणि वाचून झाली की तो कागद भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवायचा, ही तिथली रीत होती. पाऊसपाण्याची तार वेगळी, बाजारभावाची वेगळी, युद्धाची वेगळी. चाळीस वर्षे हे काम एका वृद्ध गृहस्थांनी केले. सगळे नगर त्यांना आबा म्हणे. त्यांचा आवाज बसला तेव्हा त्यांनी डफ आपल्या शिष्याच्या, वामनाच्या, स्वाधीन केला आणि स्वतः ओट्याच्या कडेला बसू लागले.

वामन हुशार होता आणि मनाने चांगला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडले ते एखाद्या दुष्टाच्या हातून घडले असते तर मी ही गोष्ट सांगायला बसलोच नसतो.

युद्ध सुरू झाले त्या वर्षी दवंडी ऐकायला बाजारात पाय ठेवायला जागा नसे. सीमेवर कोंडगाव नावाचे एक गाव होते. तिथे शेतात माणूस दिसला की पलीकडच्या डोंगरावरून तोफ चालायची, त्यामुळे पेरणी बंद पडली होती. तेव्हा करंजपुरातल्या बायकांनी आपणहून एक नेम धरला. चूल पेटवण्याआधी एक मूठ धान्य कोंडगावच्या मडक्यात टाकायचे. महिना भरला की सगळी मडकी दवंडीघरापुढे रिकामी व्हायची, गोण्या भरायच्या आणि गाडी उत्तरेला जायची. कोंडगाव त्या मुठींवर जगत होते.

पहिले वर्ष गेले, दुसरे गेले. तिसऱ्या वर्षी बाजारातला कापडाचा व्यापारी वामनाकडे आला. माणूस गोड बोलणारा होता.

"वामनराव, तुमची ती युद्धाची दवंडी झाली की बायामाणसं मान खाली घालून घरी जातात हो. माझ्या लुगड्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. बंद करा म्हणत नाही मी. जरा मागे घ्या, एवढंच."

वामनाने मागे घेतली. आधी बाजारभाव, मग जत्रेची खबर, मग हरवलेल्या गाईम्हशी आणि शेवटी युद्ध. शेवटची दवंडी होईपर्यंत निम्मी गर्दी पांगलेली असे. राहिलेलेही म्हणत, "रोज तेच ते काय ऐकायचं, वामनराव? आम्ही काय तिकडे जाऊन लढणार आहोत?" मग त्याने मजकूर आखडला. पानभर होता तो अर्धा झाला. मेलेल्यांची नावे गेली, फक्त आकडा राहिला. मग आकडाही गेला. आपल्या घरात भिंतीवरच्या पडद्यावर सासू-सुनेचे भांडण रंगात आलेले असते आणि खालून एक बारीक पट्टी सरकत कुठल्याशा शहराची राखरांगोळी सांगत जाते, तेव्हा आपण भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत असतो. करंजपूरकरांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शेवटी युद्धाच्या वाट्याला दोन शब्द उरले. डफावर एक थाप मारून वामन म्हणे, "सीमेवर यथास्थित!" आणि ओट्यावरून खाली उतरे.

आता हा शब्द कसा आहे पाहा. वामनाच्या मनात त्याचा अर्थ सरळ होता, की जसे होते तसेच आहे, युद्ध चालूच आहे. पण बाजारातली माणसे पोथी उघडून शब्द वापरत नाहीत. लेकीचे लग्न यथास्थित पार पडले, पाहुण्यांचे जेवण यथास्थित झाले, असे आपण म्हणतो तेव्हा सगळे कसे छान, व्यवस्थित झाले असे आपल्याला सांगायचे असते. करंजपुराने रोज सकाळी ऐकले की सीमेवर सगळे छान आहे. एका घरातले मडके फुटले, तिथे नवे आणले नाही. दुसऱ्या घरात त्या मडक्यात लोणचे भरले. एकदा व्यापाऱ्याने भर रस्त्यात वामनाला विचारलेही, "ते युद्ध एकदाचं मिटलं म्हणायचं?" वामन हसला. समजावून सांगायला बराच वेळ लागला असता आणि त्याला घरी जायची घाई होती.

एके सकाळी दवंडी आटोपून वामन कागद तारेत ओवत होता, तेव्हा एक बैलगाडी दवंडीघरापुढे येऊन थांबली. गाडी रिकामी होती. हाकत होती एक चाळिशीची बाई. तिने बैल सोडले, ओट्यापाशी आली आणि आबांना वाकून नमस्कार केला.

"मी सगुणा. कोंडगावची. तीन महिने तुमची गाडी आली न्हाई, म्हणून मीच गाडी घेऊन आले. आमचं काय चुकलं का, आबा?"

आबांनी वामनाकडे पाहिले. वामन म्हणाला, "चुकलं नाही हो बाई. धान्यच जमलं नाही. लोक आता देत नाहीत."

"का बरं?"

वामन पुन्हा तारेत कागद ओवू लागला. सगुणा म्हणाली, "आत्ता बाजारात शिरता शिरता तुमची दवंडी ऐकली मी. यथास्थित म्हणालात. कुनाचं यथास्थित? आमच्या गावाचं म्हणत व्हता व्हय?"

"मला तसं म्हणायचं नव्हतं," वामन पुटपुटला.

आबा उठले. म्हणाले, "वामना, युद्धाची तार खाली काढ आणि तिच्यातला सर्वांत पहिला कागद मला दे."

वामनाला कळेना, म्हाताऱ्याला आता जुना कागद कशाला हवा. पण गुरूची आज्ञा होती. पहिला कागद तारेच्या तळाशी, म्हणजे त्याच्यावरचे नऊ वर्षांचे कागद एकेक करून उतरवणे आले. वरचे सगळे कागद बोटभर रुंदीचे होते. खाली जावे तसे रुंद होत गेले, अर्धे पान, मग पाऊण, मग पूर्ण पान दोन्ही बाजूंनी भरलेले. सगळे त्याच्याच अक्षरातले. हे आखूड करण्याचे काम आपण इतके मन लावून केले होते, हे त्याला तोवर ठाऊकच नव्हते. तळाचा कागद मात्र आबांच्या हातचा होता.

आबांनी तो सगुणेला वाचून दाखवायला सुरुवात केली. "चार दिवसांमागे पहाटे शत्रूच्या तोफा कोंडगावावर चालल्या. खरं आहे?"

"मी निघाले त्याच पहाटं. खरं हाय."

"वरची आळी जळाली."

"वरची कवाच गेली, आबा. औंदा खालची जळाली."

आबांनी 'वरची' खोडून 'खालची' लिहिले. "सहा माणसे गेली, त्यांत दोन लेकरे."

"नऊ. लेकरं तीन."

आबांनी आकडे बदलले. "उरलेली माणसे डोंगराच्या कपारीत बसून आहेत. त्यांच्यापाशी दहा दिवसांचे धान्य आहे."

"दहाचंच व्हतं. त्यातले चार वाटंत गेले, परत जायला चार लागतील." तिने रिकाम्या गाडीकडे पाहिले. "आज निघायलाच पायजे मला. भरल्या गाडीनं."

आबांनी कागद वामनाच्या हाती दिला. "हे वाच. जसंच्या तसं. युद्धाला किती वर्षं झाली हे यात लिहिलेलं नाही, तूही घालू नकोस."

वामनाने डफ उचलला. "ऐका हो ऐका!" त्याचा आवाज असा काही लागला की भाजीवालीने तराजू खाली ठेवला. वाचून संपेपर्यंत बाजार ओट्याभोवती जमला होता. बायका रडू लागल्या. लेकरांचा आकडा ऐकून एका म्हातारीने तिथेच बसकण मारली. अर्ध्या तासात घराघरांतून ज्वारी आली, तांदूळ आला, डाळी आल्या. व्यापाऱ्याने स्वतः पाठीवर गोणी आणली आणि डोळे पुसत गाडीत ठेवली. सतरा गोण्या झाल्या. सगुणा एकेक गोणी मोजून रचत होती आणि मध्येच थांबून लोकांना हात जोडत होती. वामनाचा ऊर भरून आला.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी विचारले, "पण वामनराव, हे युद्ध सुरू कधी झालं? कुणाशी?"

वामनाला खोटे बोलता आले नाही. "तेच आहे," तो म्हणाला. "उत्तरेचं. नऊ वर्षांपासूनचं."

व्यापारी मोठा श्वास सोडून म्हणाला, "हात्तिच्या! म्हणजे ते जुनंच का? मला वाटलं काही झालं!"

आणि गर्दी सैल पडली. कुणी रागावले नाही, कुणी आरडाओरडा केला नाही, हेच भयंकर होते. एकाला आठवले की घरी पाहुणे यायचे आहेत. त्याने आपली गोणी उचलली. दुसरीला गोणपाट शेजारणीला परत द्यायचे होते, तिने गोणपाटासकट धान्य नेले. एक गृहस्थ जाता जाता आबांना म्हणाले, "तुम्ही वयोवृद्ध आहात, आबा. माणसांना असं घाबरवू नये." व्यापाऱ्यानेही आपली गोणी काढून घेतली, पण सगुणेची नजर चुकवून. गाडीत तीन गोण्या उरल्या. त्या ज्यांच्या होत्या ते गोणी ठेवून लगेच घरी गेले होते, म्हणून त्यांना खरे कळले नव्हते.

वामन संतापला होता. "पाहिलंत, आबा? दगड आहेत दगड! यांच्यापुढे काय वाचायचं?"

"दगड असते तर सतरा गोण्या आल्याच नसत्या," आबा म्हणाले. "त्यांचं रडं खरं होतं, वामना. मी जवळून पाहिलं. त्या कागदात एक शब्द खोटा होता का? नव्हता. मग मधल्या घटकेत बदललं काय? एवढंच कळलं, की हे दुःख जुनं आहे. आणि जुन्या दुःखासाठी रडायचं नसतं हे त्यांना कोणी शिकवलं? आपण. रोज एक ओळ कमी करत आपण त्यांना सांगत आलो, की नऊ वर्षं सोसणाऱ्याला एकच दिवस सोसणाऱ्यापेक्षा कमी दुखतं. त्यांनी विश्वास ठेवला. दवंडीवर विश्वास ठेवायची त्यांना सवय मीच लावली आहे."

"मग तुम्ही मला अडवलं का नाहीत? तुम्ही तर इथेच बसला होता."

आबांनी ओट्यावर पसरलेले कागद गोळा केले. मग म्हणाले, "मलाही कंटाळा आला होता."

वामनाने आपल्या घरची ज्वारीची कणगी रिकामी केली, आबांनीही घरात होते ते दिले. सगळे मिळून पाच गोण्या झाल्या. सगुणेने बैल जुंपले. कपारीत साठ माणसे होती. पाच गोण्या साठांत कशा वाटायच्या याचा हिशेब ती ओठांतल्या ओठांत करत होती आणि तो जमत नव्हता, हे वामनाला दिसत होते. ती कुणावर चिडली नाही. चिडली असती तर त्याला बरे वाटले असते.

गाडी हलली तेव्हा तो सोबत चालू लागला. "सगुणाबाई, त्या नऊ जणांची नावं सांगाल?"

"कशाला?"

"लिहून घेतो."

तिने त्याच्याकडे नीट पाहिले. मग वेशीपर्यंतच्या वाटेवर तिने एकेक नाव सांगितले, वयासकट. नवव्या नावाशी ती अडली. ते तिच्या थोरल्या लेकाचे होते.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. वामनाने डफ वाजवला आणि बाजारभावाच्या आधी, जत्रेच्या आधी, नावे वाचायला घेतली. चारपाच माणसे थबकली आणि पुढे गेली. व्यापारी दुकानाची फळी उघडता उघडता ओरडला, "वामनराव, पुन्हा तेच? काही नवीन नाही का?"

"नवीनच आहे," वामन म्हणाला. "ही नऊ माणसं पहिल्यांदाच मेली आहेत."

व्यापाऱ्याने फळी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "बरं, ते झालं की कापसाचा भाव सांगा," आणि आत गेला. वामनाने कागद सरळ केला आणि पहिल्या नावापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.