कनकरेखेचे तीन डाव

एका राज्यात गो नावाच्या खेळाचं भारी वेड होतं. आडव्याउभ्या रेघांचा पट, एकाचे काळे खडे, दुसऱ्याचे पांढरे. रेघा जुळतात तिथं आळीपाळीनं एकेक ठेवायचा आणि कुंपण घालत जायचं. चहूबाजूंनी कोंडला तो खडा उचलला जाई. ज्याच्या कुंपणात जास्त जागा, त्याचा डाव.

तिथला तरुण राजा अरिंजय कालकंठ नावाच्या मायाव्याशी खेळला, हरला, आणि बसल्या जागी काळा खडा झाला. त्याच घडीला राज्यातल्या चुली विझल्या, त्या पुन्हा पेटेनात. लोक भिजवलेली डाळ खाऊन दिवस काढू लागले.

राजाची थोरली बहीण कनकरेखा. आईवेगळ्या भावाला तिनंच वाढवलेलं. तो पडला की लागायचं हिला. ती तडक कालकंठापुढे जाऊन बसली.

कालकंठ म्हणाला, "तीन डाव देतो. एक जिंकलीस तरी भाऊ तुझा. तिन्ही हरलीस तर तूही खडा आणि राज्य माझं. मात्र दर डावात पहिला खडा हाच मांडायचा."

तिच्या तळहातावर त्यानं अरिंजयाचा काळा खडा ठेवला. खडा अंगासारखा कोमट होता.

पहिला डाव ती हरली. शेवटच्या चालींनी घात केला म्हणून त्याच घोकून दुसऱ्याला गेली, आणि आधीपेक्षा मोठी हरली.

राजवाड्याच्या सज्जात एक बोलकी साळुंकी राहत असे. कुणाकडे काय चाललंय, तिला सगळं ठाऊक. दोन्ही डाव तिनं कालकंठाच्या छपरावरून पाहिले होते. तिनं बजावलं, नव्या युक्त्या मी शिकवणार नाही; तीन कामं सांगेन, तेवढी करा.

पहिलं काम, दोन्ही डाव आठवून पुन्हा मांडायचे. कनकरेखेला जिथं राग आला, जिथं भीती वाटली, तेवढंच आठवे. मधल्या साध्या चाली पार पुसल्या होत्या. खडा चुकीच्या जागी पडला की साळुंकी चोचीनं ढकलून देई. रडतखडत डाव मांडून झाले.

"आता उठा," साळुंकी म्हणाली, "आणि त्याच्या जागी बसा."

हे दुसरं काम. पलीकडून पट पाहिला तेव्हा कनकरेखेला उमगलं. कालकंठाला भावाचा खडा कधी हवाच नव्हता. तो नुसता भिववत होता. ही धावत जाऊन भावापुढे आडवी उभी राही, आणि तेवढ्यात त्याचं कुंपण आणखी पुढे सरके. दोन्ही डावांत भाऊ सुखरूप होता. जागा मात्र सगळी गेली होती.

"आता तिसरं काम. ज्या चालीवर तुम्ही मनातून खूश झालात, ती उचला."

कनकरेखेनं फार वेळ लावला. मग ज्या खड्यानं वेढा फोडून भावाला बाहेर काढलं होतं, ज्यावर डाव पाहायला आलेल्या दरबाऱ्यांनी माना डोलावल्या होत्या, तोच उचलला. तीच एक चाल मधोमध पडती तर सगळं मैदान तिचं होतं.

"म्हणजे भावाला कोंडू द्यायचं?"

"मी झालेला डाव सांगते, बाईसाहेब. व्हायचा नाही."

"मुठीत चिरडलं त्यानं तर?"

साळुंकी पंख झटकून कालकंठाच्या छपराकडे उडाली.

तिसरा डाव बसला. कालकंठानं भावाला घेरायला घेतलं. कनकरेखेचा हात आपोआप तिकडे गेला; तिनं तो मागे घेतला आणि खडा मधोमध ठेवला. त्यानं वेढा आवळला. तिनं पलीकडचा कोपरा धरला. ती वाचवायला येईना, तेव्हा वेढा पुरा झाला आणि शेवटी नाइलाजानं त्याला तो खडा उचलावाच लागला. त्यानं मूठ मिटली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती पटाकडेच पाहत होती, ओठ तेवढे पांढरे पडले होते.

जागा मोजल्या. तिच्या जास्त भरल्या.

कालकंठाची मूठ आपणहून उघडली, अरिंजय खाली उतरला, आणि मायावी राखेसारखा वाऱ्यावर गेला. तिन्हीसांजेला घरोघरी चुली पेटल्या. कोण कुणाकडे जेवलं याचा पत्ता नव्हता.

पानावर बसलेला राजा मात्र घुश्शात होता. "अक्का, तू मला त्याच्या हाती जाऊ दिलंस."

"दिलं. हात तुझ्याकडेच जात होता रे. कसा आवरला, माझं मला ठाऊक." तिनं त्याच्या भातावर तूप वाढलं. "जेवण झालं की तुझा हरलेला डाव मांड."

"मला तो पुन्हा बघवणार नाही."

"मलाही माझे बघवत नव्हते," कनकरेखा म्हणाली, आणि तिनं पट जवळ ओढला.